जहाजावरचे अप्पा

निंबर्ग्याहून मी इंग्लंडला निघाले तेव्हा गुलबर्गा स्टेशनवर सगळे रडत होते, एक माझे वडील सोडून. वर्षातले नऊ महिने जहाजावर काढलेल्या माणसाला निरोपाचं काय कौतुक! बॅगेची चेन दोनदा ओढून बघत ते म्हणाले, "पासपोर्ट वरच्या खिशात ठेव. रडायलीस कामून?"

"येते काका," मी म्हणाले.

गाडी सुटल्यावर शेजारच्या बाईंनी विचारलं, वडील नाही का आले सोडायला?

तेच माझे वडील होते. एकत्र घर आमचं. थोरल्या चुलत भावंडांचं ऐकून मीही वडिलांना काका म्हणायला लागले आणि थोरल्या चुलत्यांना अप्पा. अप्पा शेतात, काका समुद्रावर. यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही, मलाही नाही.

आता मी साउदॅम्प्टनला राहते. ऑफिसच्या खिडकीतून प्रवासी जहाजं दिसतात. काकांना पंच्याहत्तरावं लागलं, तेव्हा त्यांच्या नोकरीची हकिकत लिहून काढायचं मनात आलं. फोनवर विचारलं तर म्हणाले, "काय सांगू गं? चादरी धुतल्या, इस्त्री केली. झालं की." मग मीच जुन्या जहाजवाल्यांच्या एका ऑनलाइन ग्रुपवर त्यांचं आणि जहाजाचं नाव टाकलं. महिन्याभराने एडविन नावाच्या फिलिपिनो माणसाचं उत्तर आलं. काकांच्याच लाँड्रीत होता म्हणे, आणि निवृत्त होऊन इथेच राहत होता. मी त्याच्या घरी गेले.

अप्पांची मुलगी, असं म्हणत त्याने दारातच माझे हात धरले. मी त्याला समजावलं, की अप्पा म्हणजे माझे चुलते, त्यांनी समुद्र पाहिलासुद्धा नाही. त्याने कपाटातून एक फोटो काढला. इस्त्रीच्या वाफेत, आठ-दहा फिलिपिनोंच्या मध्ये, माझे काका. दात दाखवून हसत होते.

सगळी लाँड्री त्यांना अप्पाच म्हणायची. वादळात घाबरले की ते मोठमोठ्याने कन्नड गाणी म्हणायचे. कुणाच्या घरून वाईट बातमी आली की त्याचं काम स्वतः करायचे. काका घाबरतात हे मला ठाऊकच नव्हतं. घरच्यांनो, तुम्ही हे वाचाल, म्हणून खरं तेच सांगते. मला मत्सर वाटला. माझा बाप कसा आहे ते हा परका माणूस मला सांगत होता, वर बिस्किटं पुढे करत होता.

हा शब्द तुम्हाला कुणी शिकवला, मी जरा तोडूनच विचारलं.

"त्यांनीच," एडविन म्हणाला. "म्हणाले, आमच्याकडे बापाला असं म्हणतात. घरी मला कुणी म्हणत नाही, तुम्ही म्हणा."

दुसऱ्या दिवशी काकांना फोन लावला. हल्ली नीट दिसत नाही, त्यामुळे कुणाचा फोन आहे ते न बघताच उचलतात. ऐकूही कमीच येतं. "अप्पा," मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा. आवाज घोगराच निघाला.

"येस, सन," ते म्हणाले. "विच पोर्ट?"

इतका मऊ आवाज त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता. साउदॅम्प्टन, मी म्हणाले. मग ते मोडक्या इंग्रजीत सांगत राहिले, तिथे थंडी फार, कानटोपी घाल, उपाशी कामावर जाऊ नकोस. इतकी वर्षं घर म्हटलं की मला निंबर्गा आठवायचं. ज्या घरासाठी मी झुरत होते ते या आवाजात होतं, आणि तिथे दुसरीच पोरं राहून गेली होती.

मी कोण ते सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. सांगितलं असतं तर ते पुन्हा काका झाले असते. त्यांचं बोलणं संपेपर्यंत मी नुसतं "येस, अप्पा" म्हणत राहिले.