दुसऱ्या मजल्यावरची शाळा

मुलीला शाळेतून काढलं तेव्हा ती दुसरीत होती. डाव्या हाताने लिहिते म्हणून तिच्या बाईंनी त्याच हातावर पट्टी मारली, बोटं सुजली. मी स्वतः आठ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवत होते. एका वर्गात साठ पोरं कोंबली की बाईचं काय होतं ते मला ठाऊक होतं, तरी डोकं फिरलं. नवरा म्हणाला, "तू शिकव की घरी. तुझ्याइतकं चांगलं कोण शिकवणार?" मला ते कौतुक वाटलं. त्याच वाक्यात माझी नोकरी गेली, हे कळायला वर्ष लागलं.

नव्वदीच्या दशकाच्या मध्याचे दिवस. नाशिक रोडला सरकारी क्वार्टरमध्ये आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहायचो. मूल घरी शिकतं हे कॉलनीत कुणी ऐकलंसुद्धा नव्हतं. पोरगी नापास झाली, का आजारी आहे, एवढंच बायका विचारायच्या. नवरा मात्र ऑफिसात ऐटीत सांगायचा, आमची घरीच शिकते म्हणून. रविवारचं गणित त्याने अंगावर घेतलं होतं. तीन रविवार घेतलंही. चौथ्या रविवारी मॅच होती, आणि तिथून पुढे गणितही माझ्याच गळ्यात पडलं.

पहिले दोन महिने नुसता सावळागोंधळ. पाढे म्हणता म्हणता ती उठून लाडवाचा डबा उघडायची, शुद्धलेखन सांगता सांगता मी भाजी करपवायचे. धड स्वयंपाक नाही, धड शिकवणं नाही. मग माझ्यातली मास्तरीण जागी झाली. मी नियम केला. बरोबर अकराला तिने दप्तर घेऊन जिना उतरायचा, बिल्डिंगभोवती एक फेरी मारायची आणि वर येऊन दारात विचारायचं, "बाई, आत येऊ का?" पाचपर्यंत मी बाई. मधे खाऊ मागायचा नाही, मांडीवर यायचं नाही. पाचला पुन्हा दप्तर, जिना, फेरी. परत वर आली की मी आई.

नियम इतका लागू पडला की मी स्वतःवरच खूश झाले. अक्षर सुधारलं, तेही डाव्याच हाताचं. घराची घडी बसली. माझी बहीण मालेगावहून आली होती, ती म्हणाली, पोटच्या पोरीला बाई म्हणायला लावतेस, बरं दिसतं का? तुझी पोरं डोक्यावर बसलीत ते आधी बघ, असं म्हणून मी तिला गप्प केलं.

दुसऱ्या वर्षीच्या मार्चमध्ये मी वार्षिक परीक्षा घेत होते. प्रश्नपत्रिका माझी, पहाराही माझा. दुपारी दोनच्या सुमारास तिने पेन खाली ठेवलं.

"बाई, बरं वाटत नाही. घरी जाऊ का?"

मी म्हटलं, आधी पेपर पुरा कर. तिने मान खाली घालून आणखी दोन गणितं सोडवली आणि पुन्हा तेच विचारलं. गणिताचा कंटाळा, दुसरं काय, असं धरून मी वैतागून "जा" म्हणाले. मला वाटलं आतल्या खोलीत जाऊन पडेल. तिने दप्तर भरलं, चपला घातल्या, दार ओढून घेतलं आणि ती निघून गेली. हट्टाने गेली असेल, येईल आपोआप, म्हणून मी कणीक मळायला घेतली.

दहा मिनिटं झाली तरी ती आली नाही. पिठाच्या हातांनी मी जिना उतरले. सगळ्यात खालच्या पायरीवर ती बसली होती, भिंतीला डोकं टेकून. कपाळ तव्यासारखं तापलेलं. मी उचलायला वाकले तर तिने अंग चोरलं.

"अजून फेरी नाही मारली," ती म्हणाली.

मला माझीच शिसारी आली. तिला उचलून वर आणलं. तिला ताप आलाय एवढंच नवऱ्याला सांगितलं; बाकीचं आजवर सांगितलेलं नाही.

जूनमध्ये तिला दुसऱ्या शाळेत घातलं. माझी जागा केव्हाच भरली गेली होती, मी घरीच राहिले. आता ती पुण्यात नोकरीला आहे. सुट्टीला येते, दार सताड उघडं असतं. ती बॅग घेऊन उंबऱ्याबाहेर उभी राहते, आणि मी "ये" म्हटल्याशिवाय आत पाऊल टाकत नाही.