सामाईक बांधातली अंडी

चूक माझी होती, आणि चार इयत्ता शिकलेल्या माणसाची होती. म्हणून ती अजून बोचते.

१९३० च्या आसपासची गोष्ट. रत्नागिरीजवळच्या आमच्या गावात माझ्या भाताच्या खाचराला लागून शेजारच्या काकींचं खाचर होतं. त्यांचा एकुलता मुलगा मुंबईला गिरणीत. घरी त्या आणि सून. वर्षाचं भात त्या एवढ्याशा खाचरातून यायचं. मधला बांध सामाईक. अशा बांधाला दोघांच्या संमतीशिवाय कुदळ लावायची नाही, ही गावची रीत.

शिमगा झाल्यावर काकी आल्या. "बाबा, बांध खरवडूया. नाकतोड्यांनी अंडी घातलीत." तळहातावरची मातीची शेंगेएवढी कुपी त्यांनी फोडून दाखवली. आत पिवळी अंडी दाटीनं बसलेली. टोळांचीच ही घरची जात. ती बाहेरून उडत येत नाही, आपल्याच बांधात जन्मते आणि आपलंच भात खाते. खरवडलेली अंडी उन्हानं सुकतात, उरलेली साळुंक्या टिपतात, हे त्यांना ठाऊक होतं.

मला मात्र बांध सरकताना दिसला. "खरवडता खरवडता वीतभर माझ्याकडे याल, काकी."

त्या हसल्या. "तुझी वीतभर माती खाऊन मी काय जाडी होणार हाय? बरं, माझ्याच अंगानं खरवडते."

मी तेही करू दिलं नाही.

श्रावणात भाताच्या पाती कडेनं कुरतडलेल्या दिसू लागल्या. तेव्हापासून सासू-सुना रोज उजाडताच शेतात. दवानं नाकतोडे जड असतात तोवर जुन्या लुगड्याची टोकं धरून दोघी भातावरून अलगद ओढत नेत, झोळात पडलेले मडक्यातल्या पाण्यात झाडत. एक रोप मोडत नसे. मी कौतुकानं पाहत राही, आणि लाजेनं पुढे होत नसे.

एके सकाळी त्या बांध ओलांडून माझ्या खाचरात उतरल्या.

"काकी, हे माझं शेत!"

"मला ठाव हाय. नाकतोड्यांना ठाव नाय."

माझं पीक बरंचसं वाचलं. अंडी जास्त त्यांच्याच अंगाला होती, म्हणून बांधाकडच्या त्यांच्या निम्म्या लोंब्या मात्र गेल्या. त्या वर्षी त्यांच्याकडे भाताऐवजी नाचणीची पेजच जास्त शिजली. मी बांध खरवडू दिला नाही, हे गावात त्या कुणाजवळ बोलल्या नाहीत.

पुढचा शिमगा झाल्यावर मी कुदळ घेऊन त्यांच्या अंगणात गेलो. सून आत जायला निघाली, तिला थांबवलं. तिच्यासमोरच बोलायला हवं होतं.

"काकी, संशय घेतला मी, आणि भात गेलं तुमचं. चुकलो. तुमच्या अंगानं मी खरवडतो. माझ्या अंगानं तुम्ही खरवडा."