पेजेला कोण खाणं म्हणतं

दोन हजार बावीस साल होतं, मी बाहत्तर वर्षांचा. पाचोडकडचं गाव सोडून आम्ही नवराबायको लेकाकडं शहरात, गारखेड्यात राहायला आलो होतो. सून नोकरीला जायची. सहा महिन्यांचा नातू दिवसभर हिच्याकडं, म्हणजे माझ्या बायकोकडं.

अंगावरच्या दुधाला जोड म्हणून हिनं पेज सुरू केली. जुना तांदूळ, मऊ शिजवून गाळलेला. दोन-तीन तासांनी पोराला उलट्या सुटल्या, थांबेचनात. रंग राखेसारखा झाला, मान टाकली. दवाखान्यात सलाईन लावली, जंतुसंसर्ग म्हणाले, पोर हसत घरी आलं. पोट नाजूक झालंय म्हणून हिनं पुन्हा पेजच दिली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा नेलं तोवर नळाच्या पाण्यापासून पोराला पाजणाऱ्या सुनेच्या डब्यापर्यंत सगळ्यांना दोष देऊन झाला होता.

या वेळी डॉक्टरीण नवी होती, पोरसवदा.

"उलटीच्या आधी काय खाल्लं होतं?"

"काही नाय," मी म्हणालो.

"काहीच नाही?"

"अहो बाई, एवढंसं लेकरू मटण खातं व्हय?"

ती हसली नाही. "आजोबा, तोंडात जे गेलं ते सगळं सांगा."

ही मागून म्हणाली, "पेज दिली व्हती जरा. आजाऱ्याला देतो तीच."

"मागच्या दोन्ही वेळी?"

"व्हय."

डॉक्टरणीनं लिहायचं थांबवलं. म्हणाली, याच्या पोटाला तांदूळच सोसत नाही. ही पोटाची अॅलर्जी. अंगावर पुरळ नाही, रक्तात दिसत नाही, आणि खाल्ल्यावर लई उशिरा उलटतं, म्हणून संसर्गच वाटतो. बहुतेक पोरांची वाढत्या वयात जाते. तोवर तांदळाचा कणही नको.

वाटेत मी लेकाला म्हणालो, कालच्या पोरीला काय कळतंय. पण पेज बंद केली आणि पोर खडखडीत राहिलं.

एका संध्याकाळी ही ज्वारी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अवं, आपली लेक बी अशीच गेली का?"

आमची पहिली लेक गावाकडं ढाळ-उलट्यांनी गेली, सात महिन्यांची. ही तिला मांडीवर घेऊन चमच्यानं पेज पाजत होती. उलटली की पुन्हा पाजायची. तेव्हा सगळे तेच करायचे.

ही त्या रात्री जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात न सांगता रिक्षानं दवाखान्यात गेलो. आजारी लेकरं घेतलेल्या बायांच्या रांगेत रिकाम्या हातानं बसलो. नंबर आल्यावर डॉक्टरणीला लेकीचं सांगितलं. जन्मात कुणाला काही विचारायला गेलो नव्हतो.

ती म्हणाली, "बाबा, तेव्हा गावात पाणी खराब असायचं, त्यानं गेली असेल. पेजेनंही गेली असेल. आता कळायला मार्ग नाही."

घरी येऊन मी हिला पाण्याचं तेवढं सांगितलं.