आमी मारलं

ते प्रकरण अजून माझ्या मनातून गेलेलं नाही. पन्नासच्या दशकातली गोष्ट. पिंपरीच्या माळावर नवा कारखाना उभा राहत होता आणि मी तिथल्या ठाण्यात फौजदार होतो. भरतीच्या रांगेवर नेमलेल्या मुकादमाचं डोकं कुणीतरी काठीने फोडलं. तो बेशुद्ध, म्हणजे जबानी घ्यायची सोय नाही.

खबर घेऊन खुद्द कारखान्याचा साहेब आला. भरतीला आलेल्या माणसांना तो स्वभाव जोखायचे प्रश्न विचारी, आणि त्या प्रश्नांचं त्याला भारी कौतुक. पिंपळे गुरवच्या एका तरुणाला कारकुनाने विचारलं होतं, "तुला राग येतो का?" तो नाही म्हणाला. मग साहेबाने अदबीने विचारलं, "तुम्ही रागात कधी कुणावर हात उचललाय का?" तर हो म्हणाला. साहेबाच्या मते खोटारडा सापडला, म्हणजे मारेकरीही सापडला.

मी त्या तरुणाला बोलावून घेतलं. साहेबाने मला बोलूच दिलं नाही, स्वतःच विचारलं, "मुकादमाला तुम्ही मारलंत का?"

"व्हय. आमी मारलं."

हवालदाराने जबानी लिहायला टाक उचलला. आता याची रवानगी तुरुंगातच. पण मी मावळातला. असल्या पोराला आमच्याकडे कुणी 'तुम्ही' म्हणत नाही. त्याच्या कानाला 'तुम्ही' म्हणजे सगळं घर, आणि 'आमी' म्हणजेही तेच.

मी विचारलं, "तू मारलंस?"

"न्हाई."

साहेब हसला. पुन्हा दोन उत्तरं.

"मग कुणी मारलं?"

त्याने बाहेर ओसरीकडे पाहिलं. "आमीच."

ओसरीवर त्याचा थोरला भाऊ भाकरी घेऊन बसला होता. तो उठून आत आला. "त्याला सोडा, सायेब. मी मारलं. रांगेतनं धक्का मारून काढलं मला त्यानं."

पुढे नोकरीत मी शेकडो माणसांना प्रश्न विचारले. उत्तरं जुळली नाहीत की माणूस लबाड, असं मी पुन्हा मानलं नाही. आपण नेमकं कुणाला विचारलं, ते आधी बघायचो.

खटल्यात धाकट्याची साक्ष झाली. न्यायाधीशांनी विचारलं, "तुम्ही त्या वेळी कुठे होतात?"

त्याने आरोपीच्या कठड्याकडे पाहिलं. "मला इचारताय का आमाला?"

कोर्टात हशा पिकला. कठड्यातला थोरला मात्र तोंडाला पटका लावून रडत होता.