इंचाला एक तास

मंगल, माझं अक्षर तुला माहीत आहे. चौथीनंतर लेखणी सुटली ती सुटलीच. ऱ्हस्व-दीर्घ जिथे चुकलं असेल तिथे मनातल्या मनात सुधारून घे, आणि हे कुणाला वाचून दाखवू नकोस. पण आम्ही तंबूत राहून आलो, हे तुला सांगितल्याशिवाय मला राहवेना.

शनिवारी कारखान्याचा दुपारचा भोंगा झाला आणि आम्ही टाउनशिपच्या फाटकातून धरणाकडे निघालो. एका स्कूटरवर आम्ही दोघं, दुसरीवर शेजारचे जोशी भाऊजी आणि सुधाताई. ते पुण्याहून बदलून आले त्याला आता वर्ष होत आलंय, आणि सुधाताईंना भोपाळ काही मानवलेलं नाही. इथे डाळ शिजत नाही, भाजीवाला फार बोलतो, पोह्यांबरोबर जिलेबी ही तर त्यांच्या मते शिक्षाच. भाऊजींनी परत बदली मागणारा अर्ज लिहून ठेवला होता. सोमवारी तो द्यायचा की फाडायचा, हे सुधाताईंच्या हाती.

एवढ्या मोठ्या टाउनशिपमध्ये मी मोकळेपणी बोलते ती एकट्या सुधाताईंशी. बाकीच्यांपुढे माझी जीभ टाळूला चिकटते. त्या गेल्या तर मी पुन्हा मुकी. भाऊजींनी सहल काढली ती हवापालटासाठी, आणि मी गेले ती देव पाण्यात ठेवून.

कोलार रोडची घरं संपली आणि सागाची झाडं सुरू झाली. सुधाताई मांडीवर तुपाचा डबा घेऊन अशा बसल्या होत्या, जणू तान्ह्या बाळाला टोचायला नेताहेत. आमचे हे खांद्यावर तंबूची काठी घेऊन गाडी चालवत होते, त्यामुळे समोरून येणारी प्रत्येक बैलगाडी आपणहून बाजूला होत होती.

धरणाचं पाणी दिसलं तेव्हा सुधाताई एवढंच म्हणाल्या, "बरं आहे." भाऊजींचा चेहरा उजळला. त्यांना तेवढंही पुष्कळ होतं.

तंबू दोनदा बसला. तिसऱ्यांदा उभा राहिला तेव्हा म्हशी चारणारे एक बाबा थांबून म्हणाले, "दरवाजा इधर रखोगे तो पूरी हवा अंदर आएगी, भैया."

"हवा खायलाच आलोय, बाबा," हे म्हणाले. बाबांना मराठी कळलं नाही, पण ते हसले. त्यांनीच आम्हाला कंडे (वाळलेल्या गोवऱ्या) आणून दिले.

बेत बाफल्यांचा होता. तुला सांगायला नको, पण सुधाताईंना सांगावं लागलं, की जाड कणकेचे गोळे आधी उकळायचे, मग निखाऱ्यात भाजायचे आणि तुपात बुडवायचे. मी उकळून दिले, तोच ह्यांनी चिमटा हातातून काढून घेतला.

"आता आमचं खातं," हे म्हणाले. "तापवायचं आणि बुडवायचं. कारखान्यात लोखंडाचं दुसरं करतो काय आम्ही? जाडीच्या इंचाला एक तास, हा नियम. जोशी, जाडी घ्या."

भाऊजी ड्रॉइंग ऑफिसातले. त्यांच्या खिशात फूटपट्टी होतीच. त्यांनी गोळा वरून, खालून, आडवा मोजला. "दादा, दोन इंच भरतोय."

"म्हणजे दोन तास."

मी सुधाताईंचा पदर ओढला. "अहो, अर्ध्या-पाऊण तासात होतात. दोन तासांत कोळसा."

"मग सांगा की."

"भाऊजी बसलेत. त्यांच्यासमोर मी कशी बोलू?"

सुधाताईंनी त्या दोघांकडे बघितलं. हे घड्याळ धरून, भाऊजी पुठ्ठ्याने वारा घालत. "नका सांगू," त्या हळूच म्हणाल्या. "वरणाच्या चुलीत आपले चार टाका."

तंबूच्या मागे बसून आम्ही दोघींनी त्यातले दोन खाल्ले. फोडला की आतून वाफ निघायची, त्यावर तूप, वर लिंबू पिळलेलं वरण, लसणीची चटणी. सुधाताईंचं तूप कोपरापर्यंत ओघळलं, पुसायला त्या थांबल्या नाहीत. "हे वर्षभर कुठे लपवलं होतंत, वहिनी?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तुम्ही कधी विचारलंच नाही.

पुढून भाऊजींची हाक आली, "सुधा, भूक लागली का गं? थोडं थांब."

"थांबते हो," सुधाताई म्हणाल्या, तोंड भरलेलं.

दोन तास पुरे झाल्यावर भट्टी उघडली. ह्यांनी एक गोळा दगडावर आपटला. दगडाचा टवका उडाला.

"कडकपणा उत्तम आलाय, दादा," भाऊजी गंभीरपणे म्हणाले.

सुधाताई तिथेच मातीत बसून हसल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. भाऊजी आधी घाबरले. बिचाऱ्यांनी वर्षभर ते हसणं ऐकलं नव्हतं. मग आम्ही झाकून ठेवलेले दोन बाफले त्या दोघांपुढे ठेवले. भाऊजींनी विचारलं, हे किती वेळ भाजले? आणि मंगल, मी स्वतः म्हटलं, "वास सुटेपर्यंत." त्यांच्याशी बोललेलं माझं हे पहिलं वाक्य.

रविवारी परतताना कोलार रोडच्या एका रोपवाटिकेपाशी सुधाताईंनी गाडी थांबवायला लावली. त्यांनी लिंबाचं रोप उचललं.

"तीन-चार साल में फल देगा, बहनजी," माळी म्हणाला.

मला वाटलं, आता ठेवतील खाली. त्यांनी विचारलं, "गड्ढा कितना खोदना पडेगा?"

भाऊजी गोंधळले. "अगं, पण सोमवारी..."

"सोमवारी कामावरून आलात की खणा. फूटपट्टी आहे ना तुमच्याकडे?"

घरी पोचेपर्यंत मी स्कूटरवर मागे बसून गप्पच होते. लोक म्हणतात, माणसाची पारख प्रवासात होते. मला वाटतं, ती जेवताना होते, आणि त्यातही चोरून खाताना जास्त. ह्यांनी दोनदा विचारलं, काय झालं, बोलत का नाहीस. काही झालं नव्हतं. एवढंच, की आता मला बोलायची घाई नव्हती.