दुसरा उंचवटा

आमच्या घरी मावशीची ओळख एका वाक्यात उरकायची: "ही हेलियम गार करते." त्यावर हटकून कुणीतरी विचारायचं, "मग विकता कुठे?" मावशी न चिडता म्हणायची, "विकत नाही हो, नुसती बघत बसते."

काचेच्या दोन चकत्या, मधे केसाहून कितीतरी बारीक फट आणि फटीत द्रवरूप हेलियम. ते कमालीचं गार केलं की अतिप्रवाही होतं. म्हणजे वाहताना त्याला कसलीच आडकाठी उरत नाही. पण जागाच इतकी चिंचोळी असेल तर ते कसं वागतं? ते कळायला मावशी त्याला चुंबकात ठेवून रेडिओलहरींचा हलका धक्का द्यायची. हेलियमचं उत्तर पडद्यावर उमटायचं: सपाट रेषेत एक उंचवटा. सबंध नोकरी तिने त्या एका उंचवट्याकडे बघण्यात घालवली, आणि निवृत्तीच्या तोंडावर त्याच्या शेजारी दुसरा उगवला.

विभागप्रमुख तिचाच जुना विद्यार्थी. तो हरखून गेला होता. मी मावशीला न्यायला गेले तेव्हा पंपांच्या घरघरीत दोघांचं जुंपलं होतं.

"मॅडम, ही हेलियमची नवी अवस्था आहे! निरोपाच्या भाषणात मी हेच सांगणार."

"थांब रे बाबा. आधी गरम करून बघते."

"आता कशाला गरम?"

"अतिप्रवाहीपणा गेला की दोन्ही उंचवटे एक व्हायला हवेत. नाही झाले, तर दुसरा हेलियमचा नाहीच. माझ्या चकतीला लोखंडाचा कण चिकटला असणार, आणि चुंबकात तोच खोटा उंचवटा उठवत असणार."

"गार करताना नाही पाहिलंत?"

"तेव्हा तुझा लाडका ॲम्प्लिफायर रुसला होता. नेमका तेवढा टप्पा हुकला."

"पण एकदा गरम केलं की पुन्हा गार करायला लागणारं बाहेरचं हेलियम उरलेलं नाही. उंचवटा खरा असला, तरी तुमचं काम इथेच थांबेल."

मलाही राहवलं नाही. "मावशी, राहू दे ना. नंतर बघतील कुणीतरी."

"आणि तोवर मी काय करू? कुणी कौतुक केलं की मान खाली घालून बसू?"

तिने बटण फिरवलं. आम्ही तिघंही पडद्याला डोळे लावून बसलो. हळूहळू दोन्ही उंचवटे सरकू लागले. प्रमुखाने माझा हात घट्ट धरला. ते सरकले, पण बरोबरीने. मधलं अंतर तसूभरही कमी झालं नाही. मग अतिप्रवाहीपणा संपला, आणि दोन्ही तसेच वेगवेगळे जागच्या जागी थांबले.

प्रमुखाने माझा हात सोडला.

"भाषणात काय सांगू मग?" त्याने विचारलं.

"सांग, बाईंच्या चकतीत लोखंड निघालं. हे काम करणारा पुढचा माणूस चकती नीट पारखून घेईल."

जिना उतरताना ती मधेच कठड्याला धरून थांबली.

"गेले काही दिवस फार आनंदात होते गं मी," ती म्हणाली.