ग्लेनिस नावाची बोट

डोरीन वॉकलेटनं बोट घेतली तेव्हा कारखान्यातल्या बायकांना वाटलं, हिचं डोकं फिरलं. पोहता येत नाही, गाडी चालवता येत नाही, लग्न केलेलं नाही, आणि आई गेल्यावर कौन्सिलच्या भाड्याच्या घराची किल्ली परत करून ही बाई चालली कालव्यावर राहायला!

"अगं, उंदीर असतात तिथं," ब्रेंडा म्हणाली.

"घरातही होते," डोरीन म्हणाली आणि पुढचा कप चाकावर ठेवला.

इंग्लंडातल्या स्टोक शहरातल्या त्या चिनीमातीच्या कारखान्यात कपांच्या काठावर सोनेरी रेघ ओढायचं काम ती तरुणपणापासून करत होती. कप फिरत्या चाकावर ठेवायचा, ब्रश टेकवायचा आणि रेघ पुरी होईस्तोवर श्वास धरून ठेवायचा. असं काम करणारं माणूस फारसं बोलत नाही. घरी आई बोलायची, तीही डोरीनच्या वाटचं धरून. आई गेली आणि घर गप्प झालं. शांततेला डोरीन घाबरत नव्हती, पण त्या घरातली शांतता आईच्या खुर्चीत बसलेली असायची. निवृत्ती घेतल्यावर मग ती कॅल्डन कालव्यावर आली.

बोट लोखंडी होती, एका बसइतकी लांब, पण बसहूनही अरुंद. आत एक कोळशाची शेगडी, एक पलंग, दोन बर्नरचा गॅस, मागं डिझेलचं इंजिन. दोन्ही कुशींवर गुलाबाची फुलं आणि मध्ये मोठ्या पांढऱ्या अक्षरांत नाव: ग्लेनिस. आधीचा मालक शाळामास्तर होता, त्यानं बायकोचं नाव दिलं होतं आणि ती बायको एक रात्रसुद्धा बोटीत झोपली नव्हती.

"नाव तेवढं बदलू नका," तो मास्तर म्हणाला. "लोक अपशकुन मानतात."

डोरीननं नाव बदललं नाही. उलट दर वसंतात त्या अक्षरांना स्वतःच्या हातानं सोनेरी कड काढली. पण कालव्यावर माणसाला त्याच्या बोटीच्या नावानं ओळखायची रीत आहे. पहिल्याच आठवड्यात पाण्याच्या नळावर कुणीतरी "गुड मॉर्निंग, ग्लेनिस" म्हणालं आणि डोरीननं मान हलवली. दुसऱ्यानं म्हटलं, तिसऱ्यानं म्हटलं. माझं नाव हे नव्हे, असं सांगायची वेळ एकदा टळली ती टळलीच.

सिडनी ब्लूरही तिला ग्लेनिसच म्हणायचा. व्हिटफील्डच्या कोळसा खाणीत उभं आयुष्य काढलेला हा म्हातारा, सत्तरी ओलांडलेला, चपटी टोपी झोपतानाच काढत असावा असा. डेनफर्डच्या पलीकडं कालवा एका मेंढ्यांच्या कुरणाला वळसा घालतो, त्या वळणावर त्याची 'मॅगपाय' बोट उभी असायची. डोरीन पहिल्यांदा तिथून गेली तेव्हा तो काठावर मासे पकडत होता. गळावरची नजर न काढता म्हणाला,

"ए डक, तुझी बोट बुडतेय गं."

स्टोककडं बाप लेकीला डक म्हणतो, दुकानदार गिऱ्हाइकाला म्हणतो, पोलीस चोरालाही म्हणत असेल. त्यामुळं डोरीनला राग आला नाही, भीती मात्र वाटली.

"बुडतेय म्हणजे?"

"म्हणजे खाली चाललीय. मागची बाजू बघ की. ग्रीसची चावी पिळलीस का?"

"कसली चावी?"

सिडनीनं गळ खाली ठेवला. बोट काठाला घेतली, मागची फळी उचलली. इंजिनाखाली पाण्याचं डबकं साचलं होतं. पंखा फिरवणारी दांडी जिथून बाहेर जाते, तिथं रोज ग्रीस भरलं नाही तर पाणी थेंबथेंब आत येतं, हे मास्तरनं तिला सांगितलंच नव्हतं.

"रोज, थांबल्यावर. दात घासतेस ना? तसं," सिडनी म्हणाला आणि परत गळ टाकून बसला.

त्या दिवशी डोरीननं तिथंच बोट बांधायच्या खुंट्या ठोकल्या, त्याच्यापासून एका बोटीच्या लांबीइतकं अंतर सोडून. त्या वर्षीचा हिवाळा तिनं तिथं काढला, आणि पुढचेही.

बोट नुसती राहायला नसते, तिचं करावं लागतं. सकाळी राख काढा, कोळसा घाला. पंपानं तळातलं पाणी उपसा. बॅटऱ्या उतरल्या का बघा. गंज दिसला की घासा, लगेच रंग लावा. संडासाची पेटी ढकलगाडीवरून तोंड फिरवून न्या आणि ओतून धुऊन आणा. डोरीनला यातलं काहीच जड वाटत नव्हतं. अंग दुखायचं, पण सकाळी उठण्याचं कारण शोधावं लागायचं नाही.

जड जायचं ते वेगळंच. उन्हाळ्यात सुट्टीवरच्या बोटी जायच्या, पोरं हात हलवायची, कुत्री भुंकायची. ऑक्टोबर सरला की वाटेवर कुणी नाही. दिवसच्या दिवस आवाजाला काम नसायचं. गावातल्या दुकानात जाऊन ब्रेड मागताना पहिला शब्द घशात खरवडून बाहेर यायचा, आणि दुकानदारीण विचारायची, "सर्दी झाली का, डक?" डोरीन हो म्हणायची.

सिडनीशी बोलणं व्हायचं ते कामापुरतं. "आज गोठणार." "हो, मिस्टर ब्लूर." "कोळसा आहे?" "आहे." शनिवारी ती ओटच्या पिठाचे घावन आणायची आणि त्यातले दोन, चीज घालून गरम करून, कागदात गुंडाळून मॅगपायच्या छपरावर ठेवायची. थोड्या वेळानं कागद घडी घालून तिच्या छपरावर परत यायचा. आत कुणी कुणाच्या गेलं नाही. पण सकाळी जाग आली की डोरीन आधी खिडकीची कड पुसून पलीकडं बघायची. मॅगपायच्या धुराड्यातून धूर निघत असला की शेगडी पेटवायला उठायची.

तिसऱ्या हिवाळ्यात वरच्या आणि खालच्या, दोन्ही लॉकची, म्हणजे पाणी चढवून-उतरवून बोटी पुढं सोडणाऱ्या हौदांची, लाकडी दारं बदलायला काढली. कालवा दोन्हीकडून बंद झाला. इतर बोटी आधीच खाली निघून गेल्या. हे दोघं राहिले. जानेवारीत पाणी गोठलं, इतकं की बदकं त्यावरून चालू लागली. बर्फ बोटीच्या लोखंडाला घासला की आतून कण्हल्यासारखा आवाज यायचा. वारा कुरणावरून सरळ यायचा. एका सकाळी डोरीननं पाहिलं, सिडनी बोटीच्या हवेच्या भोकांत जुने मोजे कोंबत होता.

"ती भोकं उघडी ठेवायची असतात ना, मिस्टर ब्लूर?"

"उघडी ठेवली तर मी गोठून मरेन."

"पण शेगडी..."

"ग्लेनिस, मी जमिनीखाली चाळीस वर्षं काढलीयत. हवेचं मला शिकवू नकोस."

डोरीन राखेची बादली उचलून वळली. परक्या माणसाला किती सांगायचं?

दोन-तीन दिवसांनी सकाळी तिनं खिडकी पुसली, आणि पलीकडं धूर नव्हता. झोपला असेल, ती मनाशी म्हणाली. चहा केला. पडदेही बंदच होते. तिनं बूट चढवले आणि मॅगपायच्या छपरावर मूठ आपटली.

"मिस्टर ब्लूर?"

आतून काही नाही. मागच्या दाराला आतून कडी. ती आपल्या बोटीकडं धावली, लॉकच्या झडपा फिरवायची जड लोखंडी किल्ली घेऊन आली, आणि पुढच्या दाराची काच फोडून हात आत घातला. कडी सरकली. आत कोंदट ऊब होती, काजळीचा वास होता, आणि शेगडीत निखारे अजून लाल होते. सिडनी पलंग आणि शेगडीच्या मध्ये जमिनीवर पडला होता. डोक्यावर टोपी नव्हती. टोपीशिवाय तिनं त्याला पहिल्यांदाच पाहिलं.

काखांत हात घालून तिनं त्याला ओढलं. तिचंही डोकं गरगरू लागलं. पुढच्या उघड्या डेकवर आणून भिंतीला टेकवून बसवलं. तो ओकला. मग डोळे किलकिले करून म्हणाला, "दार लाव. थंडी येतेय."

"नाही लावणार," डोरीन म्हणाली.

फोनला रेंज यायची ती पुलावर. पण त्याला सोडून जायचं कसं? लॉकवरची माणसं वळणापलीकडं काम करत होती, त्यांच्या यंत्राची घरघर ऐकू येत होती. डोरीननं हाक मारली. पहिल्यांदा नुसती हवा निघाली. आपण शेवटचं कधी ओरडलो होतो, तिला आठवेना. तिनं छाती भरून घेतली आणि ओरडली. कुरणातल्या मेंढ्यांनी माना वर केल्या. ती ओरडतच राहिली, यंत्र बंद होईपर्यंत.

त्यांनीच ॲम्ब्युलन्स बोलावली. स्ट्रेचर पायवाटेच्या बर्फावरून पुलापर्यंत नेताना चौघांचे पाय घसरत होते. डोरीन दोन पावलं मागून त्याची टोपी घेऊन चालत होती.

दोन दिवसांनी ती बसनं हॉस्पिटलात गेली. नर्सनं विचारलं, "ग्लेनिस तुम्हीच का? सारखं तुमचं नाव घेतायत. मिसेस ब्लूर का तुम्ही?"

"नाही," डोरीन म्हणाली. "ग्लेनिस ही बोट आहे."

नर्सनं तिच्याकडं जरा बघितलं आणि वॉर्ड दाखवला.

सिडनी उशांना टेकून बसला होता. तिनं टोपी त्याच्या मांडीवर ठेवली. त्यानं ती लगेच घातली. "धुराडं काजळीनं बुजलं होतं म्हणे, विषारी वायू आतच कोंडला. आणि भोकं मी बुजवली."

"हो."

"तू सांगितलं होतंस."

"एकदाच सांगितलं. परत सांगायला हवं होतं."

"ऐकलं नसतं मी, ग्लेनिस."

"मिस्टर ब्लूर, माझं नाव डोरीन."

त्यानं टोपी मागं सारली. "मग ग्लेनिस कोण?"

"त्या मास्तरची बायको."

"तीन वर्षं! तीन वर्षं मी तुला दुसऱ्याच्या बायकोच्या नावानं हाका मारतोय, आणि तू ओ देतेस?" शेजारच्या खाटेवरचा माणूस वळून बघू लागला. "बोलायचं नाही का गं?"

"तुम्ही विचारलं नव्हतंत."

सिडनी हसायला लागला. हसता हसता खोकला, खोकून डोळे पुसले. "डोरीन," त्यानं म्हणून बघितलं. "बरं. डोरीन, माझा पंप बंद असेल. बघशील?"

तिनं बघितलं. धुराडं खरवडलं, भोकांतले मोजे काढले, काच बसवून घेतली. सिडनीची लेक लॉरेन त्याला परस्पर ऱ्हिलला, समुद्राकाठच्या तिच्या घरी घेऊन गेली. छातीचं जरा बरं होईपर्यंत, ती म्हणाली. तोवर डोरीन दोन बोटींचं करत होती. दोन शेगड्या, दोन पंप, दोन्हीकडची राख. मॅगपाय ओली पडू नये म्हणून ती दुपारी तिथं जाळ करून बसायची. कपाटात त्याचा एकच कप होता, काठावर सोनेरी रेघ असलेला. तिनं तो उलटून कारखान्याचा शिक्का पाहिला. तिच्याच कारखान्याचा होता, पण रेघ दुसऱ्या कुणाच्या हातची होती. सुरुवात आणि शेवट जुळला नव्हता.

रविवारी दुपारी ती पुलावर जाऊन उभी राहायची. फोन वाजायचा.

"पंप?"

"चालतोय."

"ग्रीस?"

"रोज पिळते. तुमचं कसं चाललंय?"

"इथं गरम आहे, डोरीन. फार गरम आहे. खिडकी उघडली तर लॉरेन बंद करते."

मार्चमध्ये लॉक उघडले. एप्रिलमध्ये लॉरेनचा नवरा एका जोडप्याला घेऊन आला, चांगली हसतमुख माणसं होती. बोट विकली गेली. डोरीननं त्यांना सगळं दाखवलं. ते "हो, हो" म्हणत होते आणि पडदे कुठल्या रंगाचे लावावेत ते आपसांत ठरवत होते. मॅगपायचे दोर तिनंच सोडून हातात दिले. बोट वळणाआड गेली तरी इंजिनाचा आवाज बराच वेळ येत राहिला. काठावर खुंट्यांची दोन भोकं उरली, ती मेंढ्यांच्या पायांनी बुजली.

जूनमध्ये ती ऱ्हिलला जाऊन आली. दोघं समुद्राकडं तोंड करून बाकावर बसले. सिडनी अंगानं आटला होता.

"ती माणसं नीट ठेवतात का बोट?"

"ठेवतात," डोरीन म्हणाली. तिला काहीच माहीत नव्हतं. त्यालाही ते कळलं असावं.

"उन्हाळ्यात चार दिवस या. बोटीत पुढच्या बाकावर झोपायची सोय होते," ती म्हणाली.

"नको. आलो तर परत जायचं नाव काढणार नाही मी. मग तुझी पंचाईत."

"होऊ दे की."

त्यानं तिच्या हातावर हात ठेवला, थोपटला आणि काढून घेतला. मग लॉरेन जेवायला बोलवायला आली.

सप्टेंबरात ग्लेनिसच्या बुडाला डांबर फासायची पाळी आली. लॉकची दारं एकटीनं ढकलत, काठावर उतरत, दोर धरत, परत चढत डोरीन बोट कोरड्या गोदीत घेऊन गेली. गोदीतलं पाणी सोडून दिल्यावर बोट ओंडक्यांवर बसली. ती खाली उतरून बूड खरवडत असताना फोन आला. लॉरेन होती. बाबा काल गेले. झोपेतच.

फोन ठेवल्यावर गोदीवाल्यानं विचारलं, "घरचं कुणी का, डक?"

"शेजारी होते," डोरीन म्हणाली.

डांबराचा डबा उघडलेला होता आणि आभाळ भरून आलं होतं. तिनं ब्रश घेतला. एक कूस पुरी केली, मग दुसरी. रडू आलं तेव्हा हात डांबरानं काळे होते, म्हणून डोळे पुसता आले नाहीत. तिनं ते तसेच वाहू दिले.

अंत्यविधीला ती गेली, मागच्या रांगेत बसली. लॉरेननं नातेवाइकांना सांगितलं, "या डोरीन. बाबा सारखं यांचं नाव काढायचे." सँडविच खाऊन ती संध्याकाळच्या गाडीनं परतली.

गोदीत पाणी सोडलं, बोट हलली, तरंगली. डोरीन त्या वळणावरच परत आली. नळाजवळ चार बोटींच्या शेजारात जागा होती, गोदीवाल्यानं सुचवलंही होतं. तिनं दोन दिवस विचार केला आणि नको म्हटलं. आता शनिवारी ती स्वतःपुरते दोनच घावन आणते. सकाळी खिडकीची कड मात्र अजून पुसते. पलीकडं कुरण असतं, मेंढ्या असतात, आणि पाण्यावरचं धुकं. थोडा वेळ बघून ती शेगडीकडं वळते.